परदेशी शाळा पाहून आलेले शिक्षक

१९८१ सालची गोष्ट. करी रोडला आमच्या महापालिकेच्या शाळेत पावसाळ्यातल्या एका शनिवारी एका बाईंचा सत्कार झाला. बाईंना त्याआधी आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला होता आणि त्या जोरावर एका संस्थेने त्यांना सहा आठवडे इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळा पाहायला पाठवले होते. शाल, नारळ, हार झाले. भाषणात बाईंना शाळांबद्दल बोलायचे असावे, पण समोरून प्रश्न आले ते लंडनच्या पुलांचे आणि राणीच्या राजवाड्याचे. बाईंनी हसून त्यांचीच उत्तरे दिली. मी तेव्हा सहावीत होतो.

बाईंनी येताना एक लाकडी पेटी आणली होती. तिच्यात दहा रंगांच्या, दहा लांब्यांच्या कांड्या होत्या. एक सेंटिमीटरची पांढरी, दहा सेंटिमीटरची नारिंगी. बेल्जियममधल्या जॉर्ज क्विझनेर नावाच्या शिक्षकाने मुलांना अंकगणित हाताने कळावे म्हणून या कांड्या तयार केल्या होत्या, हे मला फार पुढे कळले. आम्ही त्या कांड्यांना दोनदाच हात लावला. मग पेटीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये झाली, आणि नोंद झाली म्हणून ती कपाटात गेली. एखादी कांडी हरवली तर ऑडिटला उत्तर कोण देणार?

पण बाईंनी आणखी एक गोष्ट आणली होती. ती कुठल्याच रजिस्टरात चढली नाही. प्रश्न विचारला की बाई थांबू लागल्या. पूर्वी पहिला हात वर आला की त्या मुलाकडून उत्तर घेऊन बाई पुढे जात. आता त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत. वर्गात शांतता पसरे, ती आम्हाला जड वाटे. मग एरवी कधीच न बोलणारा कोणीतरी बोलू लागे.

मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. माझे आयुष्य छापखान्यात प्रुफे वाचण्यात गेले. जे वाचले ते प्रुफांच्या निमित्ताने आणि ग्रंथालयांच्या कृपेने. पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. परदेशातली शाळा पाहून आलेला शिक्षक नेमके काय घेऊन येतो, आणि त्यातले इथे काय टिकते? गेली काही वर्षे या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे.

दौरा, प्रशिक्षण आणि विनिमय

‘शिक्षक परदेशात गेले’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन निराळे प्रकार आहेत. पहिला अभ्यासदौरा. आठ-दहा दिवसांत चार-सहा शाळा पाहायच्या, स्वागत स्वीकारायचे, छायाचित्रे काढायची आणि अहवाल द्यायचा. दुसरा प्रकार प्रशिक्षणाचा. तिकडच्या विद्यापीठात काही आठवडे राहून शिकायचे आणि अधूनमधून वर्ग पाहायचे. तिसरा खरा विनिमय. यात शिक्षक परक्या शाळेत राहतो, तिथल्या शिक्षकांबरोबर काम करतो, स्वतः शिकवतो. आणि तिकडचा शिक्षकही इकडे येऊ शकतो.

तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत परिचित नाव म्हणजे फुलब्राइट. जे. विल्यम फुलब्राइट या अमेरिकी सिनेटरच्या पुढाकाराने १९४६ साली त्यासाठी कायदा झाला. भारताने अमेरिकेशी याबाबतचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी केला. २००८ मध्ये करार नव्याने झाला, दोन्ही देशांनी खर्चाचा समान भार उचलण्याचे ठरले आणि शिष्यवृत्तीच्या नावात नेहरूंचेही नाव आले. शाळेतल्या शिक्षकांसाठी त्यात काही आठवड्यांचे आणि संपूर्ण सत्राचे असे वेगवेगळे कार्यक्रम असतात.

अलीकडे राज्य सरकारेही शिक्षकांना परदेशी पाठवू लागली आहेत. पंजाबने फेब्रुवारी २०२३ मध्ये ३६ मुख्याध्यापकांची पहिली तुकडी सिंगापूरला पाठवली आणि २०२४ मध्ये ७२ प्राथमिक शिक्षकांना फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात. दिल्लीत मात्र जानेवारी २०२३ मध्ये फिनलंडच्या प्रशिक्षणावरूनच सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यात जुंपली. या प्रशिक्षणावर होणारा खर्च आणि त्यातून होणारा लाभ यांचा हिशेब मांडा, असे राज्यपालांच्या कार्यालयाचे म्हणणे होते. राजकारण बाजूला ठेवले तरी हिशेबाचा प्रश्न उरतोच. फक्त तो कोणत्या वहीत मांडायचा, हे ठरवायला हवे. विमानाचे भाडे एका दिवसात कळते. वर्गातला बदल कळायला कधी कधी वीस वर्षे लागतात. म्हणून मी मागे जाऊन, ज्यांचे निकाल आज आपल्यासमोर आहेत, अशी उदाहरणे पाहिली.

धूळपाटीचा उलटा प्रवास

पहिले उदाहरण तिकडून इकडे आलेल्या माणसाचे आहे. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासला लष्करी लोकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. त्याची अडचण साधी होती. शिक्षक कमी, आणि जे होते ते नवे काही करून पाहायला तयार नव्हते. एके दिवशी त्याने एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ती हीच. बेलने ती आपल्या शाळेत आणली. शिक्षकांनी हात झटकले तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच लहानांना अक्षरे शिकवायला बसवले. थोरल्याने धाकट्याला शिकवायचे, ही रीतही पंतोजींच्या पडवीत जुनीच होती.

बेल १७९६ मध्ये मायदेशी परतला, १७९७ मध्ये त्याने आपल्या प्रयोगाचे पुस्तक छापले आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडभर गाजली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने याच वाटेने जाणारी पद्धत रुजवली. पुढे १८१५ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांतून तीच पद्धत नवी विलायती पद्धत म्हणून आपल्याकडे आली!

या गोष्टीत अभिमानाने छाती फुगवण्यासारखे काही नाही, कारण पुढचा भाग फारसा चांगला नाही. इंग्लंडने ही पद्धत उचलली ती मुख्यतः स्वस्त म्हणून. एका मास्तरात शेकडो मुले सांभाळता येत होती. वाळूवर बोट फिरवताना मुलाला येणारी मजा मागे पडली आणि कवायत उरली. पाहणाऱ्याला काय दिसले आणि नेणाऱ्याला काय हवे होते, यांत केवढे अंतर पडू शकते, याचा हा दोनशे वर्षांपूर्वीचा नमुना आहे.

पंडिता रमाबाई: शिकून येणे आणि उतरवणे

मराठी मुलखातून परदेशी शाळा शिक्षिकेच्या नजरेने पाहायला गेलेल्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अगदी आधी घ्यावे लागते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि शिकवलेही. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या. थोड्या मुक्कामाचा बेत होता, राहिल्या जवळजवळ तीन वर्षे.

या काळात त्यांनी केलेले एक काम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्या फिलाडेल्फियात बालवाडीच्या प्रशिक्षणवर्गात विद्यार्थिनी म्हणून बसल्या. जर्मन शिक्षक फ्रीडरिश फ्रबेलची किंडरगार्टन पद्धत तेव्हा अमेरिकेत नवी होती. लाकडी ठोकळे, गोळे, घड्या, गाणी यांतून लहान मूल शिकते, हे त्या पद्धतीचे सूत्र. रमाबाईंचे नाव तोवर दोन खंडांत झाले होते. त्यांना व्यासपीठावरून भाषणे देता येत होती, आणि त्या देतही होत्या. तरी त्या वर्गात शिकाऊ म्हणून बसल्या. तिथे असतानाच मराठी मुलांसाठी सचित्र क्रमिक पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. म्हणजे पाहिलेले मराठीत कसे उतरेल, याचा विचार परतीच्या बोटीची वाट पाहत थांबला नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन उघडले आणि तिथे किंडरगार्टनचे तंत्र आणले. सदन १८९० मध्ये पुण्याला हलले. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावरून जे वादळ उठले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वादळात एक गोष्ट झाकली गेली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी समाजात, लहान मुलांना शिकवणे हेही शिकून घ्यावे लागते, असे मानून ते शिकायला परदेशी वर्गात बसलेली ही बाई होती.

कर्वे: पुस्तिकेतले जपान

शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. रमाबाईंनी अमेरिकेहून आणलेली ठिणगी हिंगण्याला कुठून पोहोचली, याचा एक धागा असा घरातूनच जातो.

कर्व्यांचे उदाहरण रमाबाईंच्या उलट आहे. त्यांनी आधी उभारले आणि नंतर पाहिले. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना त्यांना त्या पुस्तिकेचे महत्त्व जाणवले. मातृभाषेतून उच्च शिक्षण आणि स्त्रियांच्या जीवनाला लागू पडेल असा अभ्यासक्रम, या दोन कल्पना घेऊन १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने मुंबईत उभे आहे ते हेच.

इथे आणखी एक साखळी दिसते. टोकियोचे ते विद्यापीठ १९०१ मध्ये काढणारे जिन्झो नारुसे हे स्वतः १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत राहून शिकून आले होते. अमेरिकेत पाहिलेले त्यांनी जपानी भाषेत आणि जपानी घरांच्या चौकटीत बसवले. कर्व्यांनी उचलले ते हे ‘बसवणे’. प्रगत ज्ञान आपल्या भाषेतून देता येते, आणि तसे एका आशियाई देशाने करून दाखवले आहे, हा त्या पुस्तिकेतला धीर त्यांना हवा होता.

अभ्यासक्रमात गृहजीवनावर दिलेला भर स्त्रियांना पुन्हा घरातच बसवतो, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. तिच्यात तथ्य आहे. आयात केलेल्या कल्पनेबरोबर तिच्या मर्यादाही येतात, हे मान्य करायला हवे.

वयाच्या सत्तरीनंतर, १९२९ मध्ये, कर्वे स्वतः जगप्रवासाला निघाले. त्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या शिक्षणपरिषदेला आणि डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला भरलेल्या नवशिक्षणाच्या परिषदेला ते हजर होते. पुढे अमेरिका करून १९३० मध्ये ते जपानला गेले आणि ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून आपण विद्यापीठ काढले, ते डोळ्यांनी पाहून आले. आधी स्वतः चौदा वर्षे चालवलेली संस्था, मग मूळ नमुन्याचे दर्शन! आजच्या दौऱ्यांचा क्रम उलटा असतो, आणि मला वाटते की बिघाड पुष्कळदा तिथेच होतो. ज्याने आपल्या वर्गात एखाद्या अडचणीशी झटापट केलेली असते, त्याला परक्या वर्गात तिचे उत्तर दिसते. ज्याच्याकडे प्रश्नच नसतो, त्याला फक्त इमारत दिसते.

ताराबाई: रोमच्या चाळीतून बोर्डीच्या कुरणात

मारिया माँटेसरी यांची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत सुरू झाली. आईबाप कामाला गेले की मुले जिन्यांत, बोळांत हुंदडत आणि इमारतीची नासधूस करत. त्यांना सांभाळण्यासाठी त्याच इमारतीतली एक खोली देण्यात आली. लालबाग-परळच्या माणसाला या वस्तीची वेगळी ओळख करून द्यायला नको. पण माँटेसरी पद्धत आपल्याकडे पोहोचली ती गुळगुळीत, महागड्या साधनांच्या रूपात. चाळीतून निघालेली शाळा आपल्या शहरात बंगल्यात जाऊन बसली.

तिला पुन्हा गरिबाच्या दारी नेण्याचे काम ताराबाई मोडक यांनी केले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरीचे विचार अभ्यासले आणि वर्गात वापरून पाहिले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. स्वतः माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच राहिल्या. त्यांच्या वर्गांतून शेकडो भारतीय शिक्षक तयार झाले. दादरमध्ये बसून पद्धतीची शुद्ध आवृत्ती चालवत राहणे ताराबाईंना सहज शक्य होते.

त्याऐवजी १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये तिथून कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथल्या वारली मुलांसाठी परदेशी साधने परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी परकीच वाटली असती. शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू यांची साधने झाली. मोजायचे ते बियांनी, लावायचे ते शिंपल्यांनी. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली; मोठी मुले गुरे चारायला जातात म्हटल्यावर शाळा कुरणात गेली. अंगणवाडी या कल्पनेचे आणि शब्दाचे श्रेय ताराबाईंना दिले जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांनी हेच नाव घेतले.

परदेशी विचार इथला झाला, हे कशावरून ओळखायचे? माझ्या मते त्याची साधने इथल्या मातीत मिळू लागली आणि त्याला इथले नाव पडले, यावरून.

परितेवाडी: प्रवासाआधीचा प्रवास

आता आजच्या काळात येऊ. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. युनेस्कोच्या सहकार्याने वार्की फाउंडेशन देत असलेला हा पुरस्कार दहा लाख डॉलरचा. डिसले गुरुजींनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ देशांच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकल्याचे तिथल्या तिथे जाहीर केले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून मुलांना ध्वनिफिती, चित्रफिती आणि स्वाध्याय देण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याच्या पुस्तकांत आला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचा दुसरा उपक्रम अधिक महत्त्वाचा आहे. परितेवाडीच्या वर्गात पडद्यावरून त्यांनी जगातल्या शाळा आणल्या. एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलामुलींना समोरासमोर बोलते करणारा उपक्रमही त्यांनी चालवला. म्हणजे मास्तर विमानात बसण्याआधीच विनिमय सुरू झाला होता, आणि त्यात मुले सहभागी होती. परदेशवारीचा लाभ एरवी शिक्षकापाशी थांबण्याची भीती असते. इथे तो सरळ मुलांपर्यंत गेला.

पुढे त्यांना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि २०२२ च्या जानेवारीत त्यांच्या रजेचा अर्ज वादात सापडला. शाळेतल्या उपस्थितीबद्दल प्रशासनाचे आक्षेप होते, त्यांची स्वतःची बाजू होती. तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर रजेचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी जुलैत त्यांनी राजीनामा दिल्याच्या बातम्या आल्या. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. पण वादातून एक गोष्ट लख्ख दिसली. शिक्षकाने शिकायला जाणे ही आपल्या व्यवस्थेत कामाची बाब नसून सवलतीची बाब आहे. हजेरीपत्रकाच्या हिशेबात शिकायला गेलेला शिक्षक हा गैरहजरच असतो.

वेळ नावाचे साहित्य

फिनलंड, सिंगापूर, जपान इथल्या शाळा पाहून येणारे शिक्षक बहुधा स्वच्छ वर्ग, प्रयोगशाळा आणि क्रीडांगणे यांचे वर्णन करतात. त्या शाळांच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र छायाचित्रात येत नाही. ती म्हणजे शिक्षकाला मिळणारा वेळ आणि त्याच्यावर टाकलेला विश्वास.

फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जाते. प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते. पाऊण तासाच्या तासानंतर पंधरा मिनिटांची सुट्टी देण्याचा प्रघात आहे. आणि शाळातपासणीची यंत्रणा त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोडीत काढली. सिंगापूरमध्ये शिक्षकाला स्वतःच्या शिक्षणासाठी वर्षाला शंभर तासांपर्यंतचा हक्क आहे. जपानमध्ये ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजे पाठाचा अभ्यास नावाची जुनी रीत आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहतात, आणि नंतर सगळे बसून बोलतात. वर्गशिक्षणाची आधुनिक पद्धत जपानला १८७२ मध्ये मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने टोकियोच्या अध्यापन विद्यालयात शिकवली होती. सव्वाशे वर्षांनी, १९९९ मध्ये, जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी आपल्या देशातल्या शिक्षकांपुढे जपानी पाठ-अभ्यासाचा आदर्श ठेवला. शिकवलेले असे सुधारून परत येते, पण त्यासाठी मधल्या काळात शिक्षकांनी एकत्र बसावे लागते.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपायला मनाई केली, पण जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका हे अपवाद ठेवले. अपवादांत वर्षाचा किती भाग जातो, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. परदेशातून शिकून आलेल्या बाईंना मतदारयादी घेऊन जिने चढायला लावल्यावर त्यांनी पाठाचा अभ्यास कोणाबरोबर आणि केव्हा करायचा?

या सगळ्या उदाहरणांवरून मला तीन गोष्टी दिसतात. जाणाऱ्याकडे आपल्या वर्गातला एक खरा प्रश्न हवा; बेलकडे होता, कर्व्यांकडे होता. तिथे पाहुणा म्हणून फिरण्यापेक्षा शिकाऊ म्हणून बसायची तयारी हवी, रमाबाई बसल्या तशी. आणि परतल्यावर, जे पाहिले ते इथल्या शिंपल्या-बियांत उतरवायला वेळ, सोबती आणि चुकण्याची मुभा हवी. ताराबाईंना ती त्यांच्या संस्थेने दिली. यातली पहिली गोष्ट शिक्षकाच्या हातात आहे, दुसरी थोडीफार. तिसरी पूर्णपणे आपल्या, म्हणजे समाजाच्या आणि सरकारच्या हातात आहे, आणि नेमकी तिथेच आपण शाल-नारळ देऊन मोकळे होतो.

थांबणे

आमच्या बाई प्रश्न विचारून का थांबत, याचा उलगडा मला पंचविशीनंतर एका प्रुफात झाला. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासून दाखवले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलतात, मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. बाईंनी हे संशोधन वाचले होते की इंग्लंडच्या एखाद्या वर्गात नुसते पाहिले होते, कोणास ठाऊक. १९६७ च्या प्लाउडेन अहवालाने मुलाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवावे असे सांगितल्यावर तिथल्या प्राथमिक शाळा पाहायला जगभरातून शिक्षक जात होते. बाई त्यांतल्याच एक.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाईंनी आम्हाला घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला. वाटेत जे जे लागते ते दाखवायचे, आणि तिथे कोण, काय काम करते ते विचारून लिहायचे. माझ्या नकाशात गिरणीचे गेट होते, खानावळ, पानाची गादी, व्यायामशाळा आणि रेल्वेचा पूल. गिरणीत बाबा साच्यावर नेमके काय करतात, हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा विचारले. ते बराच वेळ सांगत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि भोंगे थांबले. फेब्रुवारी-मार्चपर्यंत आमच्या वर्गातली कितीतरी मुले कोकणात, घाटावर, गावी निघून गेली. बाई रोज हजेरी घेत. गेलेल्या मुलाचे नाव आले की क्षणभर थांबत, मग पुढचे नाव घेत. भिंतीवर सगळ्यांचे नकाशे लावलेले होते. गेलेल्यांचेही त्यांनी काढले नाहीत. पुढच्या जूनमध्ये बाईंची बदली झाली. कांड्यांची पेटी कपाटातच राहिली.

तो नकाशा मी वहीत पुन्हा काढून ठेवला होता, ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यातले पूल आणि व्यायामशाळा सोडता आता जागेवर काही नाही. एका शिक्षिकेच्या सहा आठवड्यांच्या परदेशवारीचा लाभ काय झाला, असा हिशेब कोणी मागितला, तर माझ्यापाशी दाखवायला एवढेच आहे. मला तो खर्च महाग वाटत नाही.